अकरा इंचांचा स्वस्त लॅपटॉप: घेण्यापासून रोज वापरण्यापर्यंत

सांगलीहून तासगावमार्गे विट्याला जाणाऱ्या एसटीत, सकाळच्या गर्दीत, मांडीवर पंधरा इंची लॅपटॉप उघडता येत नाही. अकरा इंची उघडता येतो. माझा निर्णय तिथेच झाला.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दोन कॉलेजं, दोन गावं आणि तासांच्या हिशेबाने उशिरा हातात पडणारं मानधन. प्रश्नपत्रिका, नोट्स, गुणांच्या याद्या, अधूनमधून पीपीटी, एवढं सगळं त्या बारक्या लॅपटॉपवर चालतं. स्टाफरूममध्ये आणि वर्गातही विचारणा होते, "मॅडम, हा कसा आहे हो? आम्ही घेऊ का?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

बारका म्हणजे नेमका कोणता, ते आधी सांगते. ११.६ इंची पडदा, सेलेरॉन किंवा तत्सम हलका प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, वजन किलो-सव्वा किलो आणि किंमत वीस हजारांच्या आत-बाहेर. ही जात नवी नाही. असुसने २००७ साली ईईई पीसी ७०१ आणला तेव्हा त्याला ७ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी साठवण होती, आणि लोकांनी तोही आवडीने वापरला. तेव्हाच्या आणि आताच्या यंत्रात एक गोष्ट तशीच राहिली आहे: मालकाने आधी ठरवलेलं काम ते नीट करतं, न ठरवलेलं काम आलं की अडून बसतं.

## १. दुकानात जायच्या आधी कामं कागदावर लिहा

खरंच लिहा. पुढच्या दोन वर्षांत लॅपटॉपवर काय काय करणार आहात, ते.

टायपिंग, शे-दोनशे ओळींचं एक्सेल, पीडीएफ वाचणं, ऑनलाइन फॉर्म भरणं, यूट्यूबवरची व्याख्यानं, ईमेल, एका वेळी एक मीटिंग, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. यादी एवढ्यावर थांबत असेल तर हा लॅपटॉप तुमच्यासाठी आहे.

यादीत व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, फोटोशॉप, अँड्रॉइड स्टुडिओ किंवा मोठे गेम असतील तर हा लेख इथेच सोडा आणि पैसे साठवा. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेल्यांनी तर हा एकमेव लॅपटॉप म्हणून मुळीच घेऊ नये. पहिलं सेमिस्टर निघेल, पुढे दर प्रॅक्टिकलला कुणाकडे तरी मागायला जावं लागेल.

एक अवघड जागा मधली आहे. मीटिंग सुरू आहे, तिच्यात पीपीटी दाखवायची आहे आणि बाजूला एक्सेलही उघडं ठेवायचं आहे. प्रत्येक काम सुटं चालतं, तिन्ही मिळून चालत नाहीत. ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

## २. खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

दुकानदार रंग, वजन आणि "ऑफिस फ्री" हे आधी दाखवतो. तुम्ही पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

रॅम. ४ जीबी हा तळ आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठेवलेली किमान अटही ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशीच आहे. किमान अट म्हणजे यंत्र सुरू होईल एवढंच. ८ जीबीचं मॉडेल दोन-तीन हजार जास्त मोजून मिळत असेल तर बाकी सगळं सोडून त्यावर पैसे घाला. या जातीत रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डलाच चिकटवलेली असते. "नंतर वाढवून देऊ" असं कुणी म्हणालं तर "स्लॉट आहे का? कुठं लिहिलंय?" असं विचारा.

साठवण. लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. खोक्यावर "६४ जीबी ईएमएमसी" लिहिलेलं असेल तर ती एसएसडी, म्हणजे संगणकातली वेगवान साठवण, नाही. ईएमएमसी ही स्वस्त फोनमध्ये असते तशी, बोर्डावर कायमची बसवलेली चिप असते. तिच्या वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, प्रत्यक्षात मिळतो त्याहून कमी. साध्या (साटा प्रकारच्या) एसएसडीचा वेग साडेपाचशेच्या घरात जातो, एनव्हीएमई प्रकारची तर त्याच्या कितीतरी पुढे. शिवाय ६४ जीबी म्हणून घेतलेल्या चिपवर विंडोज ५९-६० जीबीच दाखवतं, कारण कंपनीची आणि विंडोजची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्यातून रिकव्हरीचा भाग वजा करा, विंडोज आणि अपडेटची जागा वजा करा. तुमच्या वाट्याला निम्मं उरलं तरी नशीब. म्हणून १२८ जीबी मिळत असेल तर १२८ घ्या. काही मॉडेलांत तळाशी एम.२ एसएसडीसाठी रिकामी जागा असते. ती आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून बघून ठेवा. ३२ जीबीवाला लॅपटॉप कुणी भेट दिला तरी त्यावर विंडोज चालवायचा आग्रह धरू नका.

प्रोसेसर. सेलेरॉन एन४०२० आणि एन४५०० दोन गाभ्यांचे (कोअरचे) आहेत. इंटेलने २०२३ मध्ये आणलेला एन१०० चार गाभ्यांचा आहे आणि फरक हाताला जाणवतो. तिघेही ६ वॉटच्या वर्गातले, त्यामुळे बॅटरी पुरवून वापरतात. दुकानातल्या जुन्या साठ्यात किंवा सेकंड हँडमध्ये एन३३५० किंवा एन३०६० दिसला तर नको म्हणा. विंडोज ११ ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरच्या यादीत हे नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पडदा. १३६६ गुणिले ७६८ असणार, दुसरं काही मिळत नाही. समोरून ठीक दिसतो, खालून-वरून बघितलं की रंग उलटेपालटे होतात. टायपिंगला अडचण येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम. स्वस्त म्हणून उचलल्यावर कळतं की विंडोज नाहीच. जिओबुक २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलं, ते जिओओएसवर चालतं. क्रोमबुकवर क्रोमओएस असतं. ब्राउझरच्या कामाला दोन्ही बरी आहेत, पण टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि टायपिंग परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोज मागतात. यातलं काही लागणार असेल तर विंडोजवालाच घ्या.

## ३. नवा की जुना?

माझं मत थोडं वेगळं आहे आणि दुकानदारांना ते आवडत नाही. वजनाची अडचण नसेल, लॅपटॉप बहुतेक घरीच राहणार असेल, तर त्याच पैशात मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेला साडेबारा किंवा चौदा इंची बिझनेस लॅपटॉप घ्या. रिफर्बिश्ड म्हणून मिळतो. ८ जीबी रॅम, खरी एसएसडी, भक्कम कीबोर्ड. बॅटरी थकलेली असते, ती बदलून घेता येते.

त्यात अट एकच: इंटेल आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आय फाइव्हनंतरचा चार आकडी क्रमांक ८ ने सुरू झाला, जसं ८२५०यू, तर आठवी पिढी. ६३००यू असेल तर सहावी, म्हणजे विंडोज ११ च्या यादीबाहेर. "विंडोज ११ टाकून दिलंय" हे उत्तर पुरेसं नाही. आडमार्गाने ते टाकता येतं, पुढच्या मोठ्या अपडेटची मात्र खात्री राहत नाही.

रोज पिशवीत घेऊन फिरायचं असेल, एसटीत उभं राहून जायचं असेल, तर नवा बारकाच बरा. माझा खांदा याची साक्ष देईल.

## ४. खरेदीच्या वेळी जवळ काय हवं, काय घ्यायचं

सोबत न्या:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र. हप्त्यावर घेणार असाल तर पॅन कार्ड आणि बँकेचे तपशीलही लागतील
- १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह
- एक वायर्ड हेडफोन
- फोनमध्ये पुरेसा डेटा, हॉटस्पॉटसाठी

घेऊन या:

- जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल, त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर छापलेला
- वॉरंटी कार्ड, किंवा वॉरंटी ऑनलाइन नोंदवल्याचा स्क्रीनशॉट
- चार्जर, त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक
- खोकं. वॉरंटीच्या काळात फेकू नका

बिल, खोकं आणि लॅपटॉपची पाठ, तिन्हीकडे सीरियल नंबर एकच आहे का ते तिथल्या तिथे बघा. "कच्च्या बिलात अठरा टक्के वाचतील" हा प्रस्ताव येईलच. वॉरंटीच्या वेळी दारोदार फिरायची तयारी असेल तर घ्या. पक्कं बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

दुकानातच चालू करून पेनड्राइव्ह प्रत्येक यूएसबीत घालून बघा, हेडफोन लावून बघा, कॅमेरा उघडा आणि पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र आणून डाग शोधा. कीबोर्डवरचं प्रत्येक बटण एकदा दाबा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

"ऑफिस फ्री" म्हणजे काय तेही तिथेच विचारा. कंपनीने दिलेलं कायमचं ऑफिस असेल तर ते ठरावीक मुदतीत तुमच्या खात्याला जोडून घ्यावं लागतं. महिन्याभराची ट्रायल असेल तर ती संपणार. आणि "आम्ही टाकून देतो" असं असेल तर ते चोरीचं, त्यासोबत आणखी काय आत येईल सांगता येत नाही. लिबरऑफिस फुकट आहे आणि प्रश्नपत्रिकेला पुरतं. वर्डची ब्राउझरमधली आवृत्तीही फुकट आहे.

## ५. पहिली संध्याकाळ

पहिल्या दिवशी लॅपटॉप संथ चालतो, म्हणून घाबरून परत करायला जाऊ नका. मागे अपडेट चालू असतात. चांगलं वायफाय असलेल्या ठिकाणी, चार्जरला लावून, रात्रभर त्याला त्याचं काम करू द्या. फोनच्या हॉटस्पॉटवर हे करू नका, दिवसाचा डेटा तासाभरात उडेल.

विंडोज ११ होम सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. खातं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढा. दुकानातल्या पोराच्या ईमेलवर काढलेली खाती मी विद्यार्थ्यांकडे बघितली आहेत. पुढे काही अडलं की त्या पोराला शोधत फिरावं लागतं. यातला खरा धोका वेगळाच आहे. अनेक लॅपटॉपवर साठवण आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. काही बिघडून पडद्यावर ती की मागितली गेली आणि खातं दुसऱ्याचं असलं, तर फाइली गेल्या. पहिल्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसच्या पानावर जाऊन ती की बघा आणि वहीत लिहून ठेवा.

मग ही कामं:

अपडेट झाल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन सोबत आलेले गेम, अँटिव्हायरसची ट्रायल, खरेदीची अ‍ॅप्स काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे. दोन अँटिव्हायरस मिळून ४ जीबी रॅमचा जीव घेतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप अ‍ॅप्समध्ये जा आणि ओळखीचं नसलेलं, रोज न लागणारं सगळं डिसेबल करा. टचपॅडचं आणि आवाजाचं तेवढं राहू द्या.

बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला गेलात आणि "फक्त स्टोअरमधलीच अ‍ॅप्स चालतील" असं आलं तर लॅपटॉप एस मोडमध्ये आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशनमधून बाहेर पडता येतं. फुकट आहे. यासाठी कुणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका. एकदा बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही, पण जायची गरजही पडत नाही.

## ६. जागा राखणं, हेच रोजचं काम

या लॅपटॉपची निम्मी दुखणी जागा संपल्याची असतात. सी ड्राइव्ह लाल झाला की अपडेट अडतं, अपडेट अडलं की ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि मग सगळं यंत्र रांगायला लागतं. लोक म्हणतात व्हायरस आला. १२-१५ जीबी कायम मोकळी ठेवायची, हा माझा नियम.

जागा खाणारे नेहमीचे चोर असे. डाउनलोड्सचं फोल्डर. कॉलेजच्या ग्रुपवरून व्हॉट्सअ‍ॅप डेस्कटॉपने आपोआप उतरवलेले शुभेच्छांचे व्हिडिओ (सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटो डाउनलोड बंद करा, आजच). मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं जुनं विंडोज. आणि हायबरनेशनची (लॅपटॉप बंद होताना उघडं काम जतन करून ठेवायची) फाइल, जी काही जीबी अडवून बसते.

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने गेलात की सफाईची यादी येते. इथे एक सापळा आहे. त्या यादीत "डाउनलोड्स" हाही एक चौकोन असतो. त्यावर खूण करून सफाई केलीत तर तुमचं हॉल तिकीट, पगाराची स्लिप, सातबाराची पीडीएफ सगळं जातं. कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाही. ती खूण आधी काढा, मग पुढे जा. जुनं विंडोज मात्र खुशाल पुसा, नवं नीट चालतंय याची खात्री झाल्यावर.

हायबरनेशन बंद करायचं तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, मग हायफन एच, मग ऑफ असं इंग्रजीत टाइप करून एंटर. लॅपटॉप झाकून स्लीपमध्ये ठेवायची सवय असेल तर काही बिघडत नाही. बॅटरी मात्र पूर्ण संपू देऊ नका, न जतन केलेलं काम जाईल.

बाजूला मेमरी कार्डची खाच असेल तर १२८ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड घाला आणि ते तिथेच राहू द्या. नोट्स, व्याख्यानांचे व्हिडिओ, फोटो त्यावर. सॉफ्टवेअर मात्र त्यावर टाकू नका, फार संथ होतं. कार्ड पूर्ण आत जातं की अर्धं बाहेर राहतं ते बघा. बाहेर राहत असेल तर पिशवीत घालण्याआधी काढा, नाहीतर गचका बसून खाच तुटते. आणि निम्म्या किमतीत मिळणारी ५१२ जीबीची कार्डं बहुधा खोटी असतात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून खरी क्षमता सांगतं. ते दाखवून मी एकदा ऑनलाइन विक्रेत्याकडून पैसे परत घेतले आहेत.

गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, वनड्राइव्हवर ५. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपणहून वर चढवायला लागतं, मग ५ जीबी भरले की रोज पैसे मागतं. नको असेल तर त्याच्या सेटिंग्जमधला बॅकअप थांबवा.

## ७. ब्राउझरला लगाम

या लॅपटॉपवर सर्वांत जड सॉफ्टवेअर ब्राउझर आहे. पाच-सहा टॅबवर थांबा. क्रोममध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर चालू करा. एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज असतात, तेच काम करतात. दोन्ही ब्राउझर एकदम उघडे ठेवू नका. जाहिरात अडवणारं एक चांगलं एक्स्टेंशन ठेवलं तर बातम्यांची पानं निम्म्या वेळात उघडतात. कुपनं शोधून देणारी एक्स्टेंशनं काढून टाका.

यूट्यूब ७२० वर बघा. पडदाच ७६८ रेषांचा आहे, त्यावर १०८० लावून काय मिळणार?

मीटिंगच्या आधी लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं वेगळं, विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे त्यात सगळं धुऊन निघत नाही. हायबरनेशन बंद केलं असेल तर फास्ट स्टार्टअपही आपोआप बंद होतं.

सरकारी फॉर्म भरताना फोटो आणि कागदपत्रं केबीच्या मर्यादेत हवी असतात. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर नको, विंडोजच्या पेंटमध्ये रीसाइझ आहे. आणि कुठल्याही अनोळखी "पीडीएफ छोटी करा" संकेतस्थळावर आधार कार्ड चढवू नका.

## ८. मराठी टायपिंग

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा. सोबत इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिकही जोडता येतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. इंटरनेट लागत नाही.

पोटापुरतं लिहायचं असेल तर फोनेटिक. रोज पानभर लिहायचं असेल तर दोन आठवडे कळ काढून इनस्क्रिप्ट शिका. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, एकदा बोटांना सवय झाली की बघायलाही लागत नाही. "दऱ्या", "वाऱ्यावर" यांतला ऱ अनेकांना सापडत नाही: शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. बारक्या कीबोर्डवर य चं, म्हणजे तिरप्या रेघेचं बटण कधीकधी अर्ध्या आकाराचं असतं. इनस्क्रिप्टवाल्यांनी खरेदीच्या वेळी ते दाबून बघावं, कारण मराठीत य शिवाय एक ओळही जात नाही.

ऑफिसातून आलेली श्रीलिपी किंवा कृतीदेवमधली फाइल उघडली की अगम्य इंग्रजी चिन्हं दिसतात. फाइल खराब नसते, तो फॉन्ट तुमच्याकडे नसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा मराठीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घाला. प्रश्नपत्रिकेत "अर्थ" चा "अथर्" होऊन छापला गेला तर मुलं वर्षभर आठवण काढतात.

## ९. वर्गातला प्रोजेक्टर

शिकवणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहितेय, कारण नवखे इथेच अडकतात. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत प्रोजेक्टर अजून निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरवर आहेत. बारक्या लॅपटॉपला व्हीजीए नसतं. एचडीएमआय असतं, तेही काहींना छोट्या आकाराचं. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर तीन-चारशेत मिळतो. तो घ्या, त्यावर स्वतःचं नाव लिहा आणि कुणाला उसना देऊ नका.

वायर जोडली, चित्र आलं नाही: विंडोज आणि पी दाबा, डुप्लिकेट निवडा. चित्र आलं पण कडा कापल्या: डिस्प्ले सेटिंगमध्ये रेझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ करून बघा. आवाज गायब झाला: तो प्रोजेक्टरकडे गेलाय, खाली स्पीकरच्या चिन्हावरून परत लॅपटॉपवर आणा. पीपीटीत मोठे व्हिडिओ घुसवू नका, व्हिडिओची फाइल सुटी ठेवून प्लेअरमध्ये चालवा.

## १०. वीज, ऊन, एसटी आणि पूर

चार्जरचं टोक बसतंय म्हणून दुसऱ्याचा चार्जर लावू नका. या वर्गात १२ व्होल्टचे चार्जर आहेत तसे १९ चेही आहेत, आणि टोकं सारखी दिसू शकतात. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर लिहिल्याएवढे किंवा जास्त चालतात. टाइप-सीवर चार्ज होणारं मॉडेल असेल तर नशीबवान आहात: ४५ वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर घ्या, फोनही त्यावरच होईल. फोनचा १८ वॉटचा मात्र लॅपटॉपला बहुधा पुरत नाही.

धातूचं अंग असलेल्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावला की मुंग्या येतात, असं काही जण सांगतात. दोन पिनांचा चार्जर किंवा घरात अर्थिंग नसणं, ही बहुतेक वेळा कारणं. तीन पिनांचा चार्जर आणि अर्थिंग असलेला सॉकेट वापरा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढा, स्पाइक गार्डवर भिस्त ठेवू नका.

यातल्या बऱ्याच लॅपटॉपना पंखा नसतो. आवाज नाही, धूळ ओढली जात नाही, छानच. पण एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा प्रोसेसर स्वतःला थंड ठेवायला वेग कमी करतो. लॅपटॉप बिघडलेला नसतो, तापलेला असतो. उशीवर, गोधडीवर ठेवू नका. पाठ्यपुस्तकावर ठेवा.

एसटीत पिशवी वरच्या फळीवर टाकू नका. अकरा इंची पडदा पातळ असतो, वर कुणाचं बाजाराचं पोतं आलं की संपलं. मांडीवर, पडदा आपल्या अंगाकडे करून. पावसाळ्यात आत एक जाड प्लास्टिकची पिशवी.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर ज्यांनी बघितले, त्यांना बॅकअपचं महत्त्व समजवावं लागत नाही. नदीकाठच्या गावातल्या आणि सखल पेठांतल्या वाचकांनी कृष्णेची पातळी वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की महत्त्वाची फोल्डरं गूगल ड्राइव्हवर चढवावीत आणि एक पेनड्राइव्ह वेगळ्या घरी, नातेवाइकांकडे ठेवावा. लॅपटॉप घेऊन बाहेर पडता येतं, पण चार्जर, कागद, मुलं आणि म्हातारी माणसं एकदम सांभाळताना तोच मागे राहतो.

## ११. विंडोज जड झालं तर लिनक्स

तीन-चार वर्षांनी विंडोज ओझं वाटायला लागेल. तेव्हा लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, बघा: लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू. रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर उतरवायची, आणि आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायची. वायफाय, आवाज, टचपॅड, झाकल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं, हे सगळं तपासा. स्वस्त लॅपटॉपवर आवाज हमखास रुसतो. सगळं जमलं, फाइली बाहेर काढून ठेवल्या, तरच आत टाका. मराठी टायपिंग तिथेही इनस्क्रिप्टमध्ये होतं.

डिजिटल सही किंवा टॅलीवाल्यांनी या वाटेला जाऊ नये.

## १२. बिघडल्यावर

कीबोर्ड, बॅटरी, पडदा आणि चार्जिंगचं भोक, एवढं दुरुस्त होतं आणि परवडतं. दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक फोटो काढून पाठवा, कारण एकाच नावाच्या मॉडेलांचे सुटे भाग वेगळे असतात. टचपॅड वर आला, तळ फुगला, झाकण नीट बसेना, तर आतली बॅटरी फुगली आहे: चार्जिंग त्या क्षणी बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, त्याच दिवशी काढून घ्या.

ईएमएमसी चिप गेली किंवा मदरबोर्ड गेला तर मात्र हिशेब करा. बोर्ड बदलायचा खर्च लॅपटॉपच्या निम्म्या किमतीवर गेला तर करू नका. चिप बोर्डावरच असल्याने ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडताही येत नाही, डेटा काढून देणारे मागतात तो आकडा ऐकवत नाही. कधीकधी ती जाण्याआधी इशारा देते: फाइल जतन करताना लॅपटॉप अडकतो, मध्येच निळा पडदा येतो, चालू होताना डिस्क सापडत नाही आणि दुसऱ्यांदा सापडते. असं एकदा जरी झालं, तरी बाकी सगळं सोडून आधी फाइली पेनड्राइव्हवर घ्या. दुरुस्तीचं नंतर बघता येईल.